भांडणं ठेवायची फाइल

४ मे

विहीणबाईंना नमस्कार, आणि तुमच्या शिवणवर्गातल्या सगळ्या मशिनींनाही.

माझं पाकीट पाहून दचकला असाल. साहजिक आहे. मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण आपण दोघी फोनवर "बरं आहे ना?" "बरं आहे" याच्या पुढे कधी गेलो नाही. पत्र म्हटलं की काहीतरी बिनसलंय असंच वाटणार. आणि बिनसलंय असं मलाही वाटतंय, म्हणूनच लिहिते. फोनवर नको, कारण माझा फोन "दुरुस्त" करायला मुलगा आणि सूनबाई अधूनमधून लांबूनच आत शिरतात. हे त्यांच्या नजरेस पडायला नको.

मुलांचा तो संगणकावर चित्रं काढायचा प्रोग्रॅम तुम्हाला ठाऊक आहेच. नोकऱ्या सांभाळून दोघं तो घरी बसून करतात आणि जगाला फुकट वाटतात. पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे या दोघांनी लिहिलेला मूळ मजकूर, तोही कुणालाही वाचायला खुला असतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढलेली बाई मी. वाचायला खुलं आहे म्हटल्यावर पहिल्या फाइलपासून सुरुवात केली. कळत काडीचं नव्हतं. पण ब्रशांची म्हणून एक फाइल आहे, तिच्यात त्या सगळ्या परक्या खुणांच्या मधोमध अचानक मराठी लागलं. जसंच्या तसं उतरवून देते.

"बोलायचं नाही, म्हणून इथे लिहितेय. माझं काम तू न विचारता पुसलंस."

"विचारलं असतं तर पुसू दिलं असतंस?"

"हे तिसऱ्यांदा."

"मोजत बस."

खाली तारीख फेब्रुवारीची. त्यानंतर त्या जागी दोघांपैकी कुणीही एक अक्षर लिहिलेलं नाही.

मुलाला विचारलं तर म्हणतो, "मजेत." सातवीत नापास झाला तेव्हाही तो मजेतच होता. सूनबाईंनी तुमच्याकडे मन मोकळं केलंय का? खरं काय ते सांगा. त्यांचा संसार मोडत असेल तर तो मला असा फाइलीतून कळायला नको. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

तुमची विहीण


९ मे

अहो विहीणबाई,

पत्र आलं तेव्हा हातात कात्री आणि पुढ्यात एका बाईंच्या कोटाचं कापड होतं. कात्री आधी खाली ठेवली हे त्या बाईंचं नशीब. चारदा वाचलं. पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा तुमच्या मुलाचा राग आला, तिसऱ्यांदा माझ्या पोरीचा, आणि चौथ्यांदा तुमचा, की असलं काही वाचायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी! आता निवळलाय. खरंच निवळलाय.

पोर माझ्याशी काही बोललेली नाही. लगेच फोन केला आणि आडून आडून विचारलं, "जावईबापू जेवले का?"

"जेवला."

"तू?"

"मीही."

"दोघं एकत्र?"

तर म्हणते, "आई, तू बरी आहेस ना?" झालं, संपला विषय! लहानपणापासून अशीच आहे. पोटातलं ओठावर येईल तर शपथ.

पण मला नुसतं जिवाला घोर लावून बसता येत नाही. एक युक्ती सुचलीय. त्यांना नव्या आवृत्तीच्या आधी माणसं हवी आहेत, सोर्स घेऊन आपापल्या मशीनवर स्वतः कंपाइल करून बघणारी. कंपाइल म्हणजे काय ते पोरीने मला समजेल असं सांगितलं. "आई, हा तयार कपडा नाही. कापड आणि बेतलेले कागद देतोय, शिवायचं ज्याने त्याने घरी." आणि घरोघरी मशिनी निराळ्या. मशिनीवरच्या खुणेवरून सांगायचं तर ती दोघं पेंग्विनवाली. माझा लॅपटॉप सफरचंदवाला. तुमचा तो ग्रंथालयाने मोडीत काढलेला संगणक खिडक्यांचा. तर आपण दोघींनी नावं द्यायची!

म्हणे त्यात पावलोपावली अडतं. अडू दे की. अडलं की फोन, कधी तुमच्या मुलाला, कधी माझ्या पोरीला. दिवसाला दोन फोन झाले तरी कुणाला संशय यायचा नाही, आणि घरात काय चाललंय ते आवाजावरून कळेल. मी आवाजावरून माप सांगते, तुम्हाला माहीत नाही.

मला यातलं काही कळत नाही असं म्हणू नका. मलाही नाही कळत. फजिती झाली तर दोघींची होईल.

तुमची (आता कटातली भागीदार) विहीण


१८ मे

विहीणबाई,

तुमची युक्ती लागू पडली, पण माझी अब्रू गेली.

सोर्स उतरवून घेतला. अकराशे चाळीस फाइली, आणि कसला तो पसारा! चित्रं, मजकूर, नियम सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि एकाच नावाच्या फाइली चार ठिकाणी. मला राहवेना. दोन दिवस खपून मी सगळ्या फाइली विषयवार लावल्या, विषयाच्या आत अक्षरानुक्रमे, आणि वहीत सूची केली. मग सूचनापत्रकाप्रमाणे कंपाइलची आज्ञा दिली. संगणक म्हणाला, सापडत नाही. पुन्हा म्हणाला, सापडत नाही. पडदाभर तेच.

मुलाला फोन केला. त्याने लांबून माझा पडदा पाहिला. मग हळू आवाजात, "आई, तू फाइली आवरल्यास?"

"पसारा होता."

"पसारा नव्हता गं, पत्ते होते! एक फाइल दुसरीला तिच्या जागेवर हाक मारते. तू अख्ख्या गावाला घरं बदलायला लावलीस."

आणि जो हसत सुटला तो थांबेना. पण एक गोष्ट मला टोचली. एरवी माझी फजिती झाली की तो आधी सूनबाईंना हाक मारतो, "ये, ये, आईने काय केलंय बघ." या वेळी मारली नाही. मी विचारलं, ती कुठे आहे. म्हणाला, "आत आहे, कामात." आवाज एकदम उतरला.

पुन्हा नवा सोर्स घेतला आणि एकाही फाइलीला बोट लावलं नाही. सव्वातीन तास ओळीमागून ओळी धावत होत्या. मग थांबल्या. चालू करून पाहिलं तर पांढरा कागद उघडला! मी एक रेघ ओढली. वाकडी आली. पण विहीणबाई, तो प्रोग्रॅम मी माझ्या घरात, माझ्या हाताने तयार केलेला होता. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता. शेजारीणबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रेघ आहे." त्यांना काय कळणार!

ब्रशांच्या फाइलीतलं ते भांडण मात्र तिथेच आहे, तसंच.

तुमची विहीण


२५ मे

विहीणबाई, घोटाळा झालाय. आधीच सांगते, रागावू नका.

माझंही कंपाइल झालं होतं. लॅपटॉपचा पंखा असा घरघरत होता की वर्गातल्या बायकांना वाटलं नवीन शिलाई मशीन आणलंय. झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं छान. मग मला ते भांडण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची हुक्की आली. फाइल उघडली, वाचलं. "मोजत बस." असं लिहितात का हो बायकोला? माझं डोकंच फिरलं. चुकीची शिवण दिसली की मी ती उसवते, विचार करत नाही. चारही ओळी पुसून टाकल्या! निदान माझ्या घरात तरी हे भांडण नको, असं मनात आलं. आणि मग बघूया तरी म्हणून पुन्हा कंपाइल केलं.

दोनशे सहा चुका.

घाबरले. पोरीला फोन केला, "कसं गं झालं हे?" ती म्हणाली, "ती फाइल पाठव." मी पाठवली. पाठवली आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय पाठवलंय!

तिचा अर्ध्या तासाने फोन. आधी समजावून सांगितलं. म्हणे असल्या टिपणाच्या सुरुवातीला एक खूण असते आणि शेवटी एक, मधलं मशीन वाचत नाही. मी शेवटची खूण पुसली आणि सुरुवातीची राहिली. त्यामुळे मशीनने पुढची अख्खी फाइल भांडणच समजून सोडून दिली. हे सगळं शांतपणे सांगून झाल्यावर तिने विचारलं, "आई, ते तू का पुसलंस?"

मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगून टाकलं. तुमचं पत्र, माझं पत्र, सगळं. तिने फोन ठेवला.

आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. चूक माझीच आहे.

तुमची विहीण


३० मे

विहीणबाई,

तुम्हाला काही म्हणणार नाही. उलट बरं झालं.

काल दोघांचा फोन आला. दोघांचा, एकाच फोनवरून! मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी आमच्यामागे गुप्तहेरगिरी करताय?" मी म्हटलं, "वाचायला खुलं होतं." मग सूनबाई हसली आणि हसता हसता रडली, आणि सगळं सांगितलं.

लग्न झालं तेव्हाच त्यांनी नियम केला होता. घरात तोंडाने भांडायचं नाही. राग आला की ब्रशांच्या फाइलीत लिहायचा, दुसऱ्याने तिथेच उत्तर द्यायचं, आणि दोघांचं समाधान झालं की दोघांनी बसून पुसायचं. आणि पुसलेलंसुद्धा जुन्या नोंदींत राहतं. मग काय, मी काल दिवसभर बसून पहिल्यापासून वाचलं. अठ्ठेचाळीस भांडणं. सगळ्यांची सुरुवात त्याच वाक्याने, "बोलायचं नाही, म्हणून इथे." एकात त्यापुढे फक्त "ओला टॉवेल" आणि खाली "वाळत घातला." दुसऱ्यात, "तू काल आईची नक्कल केलीस," त्यावर "हुबेहूब होती की नाही?" कुणाच्या आईची ते लिहिलेलं नाही, आणि मी विचारणार नाही.

अठ्ठेचाळिसातली सत्तेचाळीस पुसली गेली आहेत, बहुतेक आठवड्याच्या आत. उरलं ते हे एक. साडेतीन महिने झाले. सूनबाई म्हणाली, "आई, हे एवढंच संपत नाही, आणि मला त्याची भीती वाटायला लागलीय."

आता मुख्य गोष्ट ऐका. न विचारता पुसलं गेलेलं ते काम म्हणजे एक ब्रश होता, धावदोऱ्याचा. रेघ ओढली की सलग न येता टाक्याटाक्याने येते, हाताने शिवल्यासारखी. तिने तो तुमच्यासाठी केला होता, तुम्हाला न सांगता. या दोघांच्या पेंग्विनवर चालायचा. पण सफरचंदवाल्या आणि खिडक्यांवाल्या लोकांच्या तक्रारी आल्या की ब्रश घातल्यापासून कंपाइलच होत नाही. मुलाने एक दिवस तो काढून टाकला. ती म्हणते, मला वेळ द्यायला हवा होतास. तो म्हणतो, लोक खोळंबले होते.

काल त्याने कबूल केलंय की दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालला तर तो स्वतःच्या हाताने परत घालेल. सूनबाईंनी ब्रशासकटचा सोर्स आपल्या दोघींना पाठवलाय. सफरचंद तुमच्याकडे, खिडक्या माझ्याकडे. म्हणजे निकाल आता आपल्या हातात आहे.

तुमची विहीण


५ जून

विहीणबाई,

पत्र हातात धरून मी वर्ग सोडून मागच्या खोलीत जाऊन बसले. माझ्यासाठी केला होता, आणि मला एका शब्दाने बोलली नाही! मी तिला लहानपणी रागवायचे, संगणकापुढे बसतेस, सुईला हात लावत नाहीस म्हणून. आणि तिने सुई तिथे नेऊन ठेवली. मला बाई रडूच आवरेना.

मग डोळे पुसले आणि कंपाइलला बसले. नाही झालं. काल तीनदा केलं, आज दोनदा. दर वेळी त्याच ठिकाणी अडतंय. शेवटच्या तीन ओळी अक्षर न अक्षर चिठोऱ्यावर उतरवून सोबत ठेवल्या आहेत. तुम्हाला कागदपत्रांची सवय, बघा काही कळतंय का.

माझ्या कौतुकापायी या पोरांमध्ये वाकडं आलं, हे काही मला सहन होत नाही. सफरचंदाला धावदोरा मानवत नसेल तर पोरीला मी सांगेन की राहू दे, मला नको तो ब्रश. पण तुमच्याकडे काय झालं ते आधी कळवा. लगेच कळवा.

तुमची विहीण


१० जून

विहीणबाई,

काहीही राहू द्यायचं नाही! खाली बसा आणि वाचा.

माझंही अडलं होतं. तुमचं चिठोरं आलं आणि मी ते माझ्या पडद्याला चिकटवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. तीनही ओळी तंतोतंत त्याच! मी मनात म्हटलं, मशिनी दोन, दोन्ही वेगळ्या घराण्यांतल्या, आणि तक्रार एकच? मग दोष मशिनींचा कसा?

ओळीत म्हटलं होतं की धावदोऱ्याचा ब्रश "टाक्याचं माप" नावाच्या फाइलीला हाक मारतोय. मी माझी सूचीची वही काढली आणि नव्या सोर्सची एकेक फाइल टिकमार्क करत गेले. ग्रंथालयात दर वर्षी साठा तपासायचे तशी. दुपारी चार वाजता शेवटची फाइल आली. टाक्याचं माप कुठेच नाही. हाक मारली जातेय, पण कपाटात पुस्तकच नाही.

दोघांना एकत्र फोनवर घेतलं आणि सांगितलं. मग सूनबाई ओरडली, "अगं बाई!" ती फाइल तिने स्वतःच्या मशीनवर केली होती, पेनड्राइव्हवरून नवऱ्याच्या मशीनवर टाकली होती, आणि सगळ्यांसाठीच्या साठ्यात ठेवायचीच विसरली होती. घरातल्या दोन मशिनींवर चालणार नाही तर काय होणार! आणि जगात दुसरीकडे कुठेही चालणं शक्यच नव्हतं. तक्रार करणारे नेमके सफरचंदवाले आणि खिडक्यांवाले निघाले, म्हणून या हुशारांनी खापर मशिनींवर फोडलं.

मी मुलालाही सोडलं नाही. विचारलं, "तू त्या तक्रारी शेवटपर्यंत वाचल्या होत्यास का?" म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "ग्रंथपालाचा मुलगा ना तू?"

सूनबाईंनी फाइल लगेच साठ्यात टाकली. माझ्याकडे काल संध्याकाळी कंपाइल झालं. ब्रश यादीत दिसतोय. मी तो उचललेला नाही. पहिला टाका तुम्ही घालायचा.

तुमची विहीण


१६ जून

विहीणबाई,

घातला!

कंपाइल झालं तेव्हा वर्गातल्या सगळ्या बायका माझ्या पाठीशी उभ्या होत्या. ब्रश उचलला, रेघ ओढली, आणि ती टाक्यांनी आली. टाका, फट, टाका, फट. मी म्हटलं, छान आहे, पण जरा जास्तच एकसारखं वाटतंय. तेवढ्यात लक्षात आलं. पाचसहा टाक्यांनंतर एक बारीक पडत होता. पुन्हा पाचसहा, पुन्हा एक बारीक. अहो, तो माझा टाका आहे! माझा अंगठा एकदा कात्रीत सापडला होता, तेव्हापासून माझ्या हातून मधूनच एक टाका बारीक पडतो. गिऱ्हाइकांना दिसत नाही. मला वाटायचं कुणालाच दिसत नाही. पोरीने बघून ठेवला होता.

मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "दिसला ना?" मी म्हटलं, "दिसला." मग जावईबापूंनी फोन घेतला आणि माझी माफी मागायला लागले. मी म्हटलं, माझी नको, जिची मागायची तिची मागा. म्हणाले, मागितली, ब्रशही माझ्या हाताने परत घातला, फाइल बघा.

मी बघितली. त्या चार ओळींखाली त्यांनी लिहिलं होतं, "तू एक फाइल विसरलीस. मी तुलाच विसरलो. माझी चूक मोठी." आणि खाली पोरीचं, "मान्य. चल, पुसूया." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळं गेलं होतं. नीट पुसलं होतं हो, दोन्ही खुणांसकट!

काल पहिल्यांदा मी स्वस्थ झोपले. तुम्ही ते पहिलं पत्र लिहिलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. एकदा इकडे या ना, चांगले चार दिवस राहायला. तुमच्या मापाचा एक कोट बेतायचा माझ्या मनात आहे.

तुमची विहीण


२१ जून

विहीणबाई,

येते. तिकीट काढलंय, पुढच्या शनिवारी सकाळी पोचेन. कोट बिनबाह्यांचा नको.

पण आधी हे वाचा. आज सकाळी ब्रशांची फाइल उघडली, सवयीने. उतरवून देते.

"बोलायचं नाही, म्हणून इथे. पहिलं कंपाइल माझ्या आईने केलं, हे तू काल सगळ्यांना उलटं का सांगितलंस?"

"तुझ्या आईने आधी सगळ्या फाइली विस्कटल्या. तो प्रयत्न धरायचा नाही. पहिली माझी आई."

"विस्कटल्या नाहीत, आवरल्या! आणि तुझ्या आईने आपलं भांडणच कापून टाकलं."

"म्हणून तर सुटलं."

"हे मी मान्य करणार नाही."

"नको करूस. मीही पुसणार नाही."

सहा ओळी आणि सगळ्या आठ मिनिटांतल्या. जिथे चार महिने कुणी एक अक्षर लिहीत नव्हतं, तिथे! मी वाचून इतकी हसले की शेजारीणबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं, "मुलगा आणि सून भांडताहेत." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका.

एकोणपन्नासावं भांडण. मी सूचीत नोंद केली. या वेळी मात्र हात लावायचा नाही हं, विहीणबाई.

तुमची
विहीण (पहिलं कंपाइल करणारी)